डोंगरातलं जर्मन

ज्ञानूला खोकल्याची उबळ आली की तो बोलणं अर्ध्यावर टाकून भिंतीला हात लावून उभा राहायचा आणि समोरचा माणूस उगाच आभाळाकडं बघत थांबायचा. गावाला त्याचं काही वाटत नसे. विट्याच्या आसपास असे खोकणारे घरटी एक सापडायचे. तरणीताठी माणसं कलकत्ता, कानपूर, मद्रास अशा लांबच्या शहरांत गलाईच्या दुकानांवर जायची. सोनाराच्या दुकानातला केर, शेगडीतली राख, जुन्या जरीच्या चिंध्या विकत घ्यायच्या आणि भट्टी लावून त्यातलं सोनं-चांदी गाळून काढायचं, असा हा धंदा. वीस-पंचवीस वर्षं तेजाबाचा धूर छातीत भरून घेतला की घरावर कौलं चढायची. कौलांखाली बसायला येणारा माणूस मात्र निम्माच उरलेला असायचा.

ज्ञानूनं कलकत्त्यात बावीस वर्षं काढली. बेचाळीसच्या डिसेंबरात तिथं जपान्यांचे बाँब पडले, दुकानं बंद झाली आणि तो गावी आला. बाँबनं आपली सुटका केली असं त्याला मनोमन वाटायचं, पण असलं बोलून दाखवायची सोय नव्हती. निघायच्या आधी तिथल्या डॉक्टरनं छातीला नळी लावून स्पष्ट सांगितलं होतं, की आणखी दोन वर्षं हा धूर घेतलास तर गावाकडं तुझी ट्रंक तेवढी जाईल. हे त्यानं बायकोला, बनुबाईला, एकदाच सांगितलं. तिनंही पुन्हा विचारलं नाही. चार एकर मुरमाड रानात येईल ती ज्वारी खाऊन दोघांनी दोन वर्षं ढकलली. गाठीला होतं ते संपत आलं.

चव्वेचाळीसच्या दिवाळीला कलकत्त्याच्या दुकानाचा मालक लालासाहेब गावी आला. लालासाहेब त्याच्याच गावचा, त्याच्याच वयाचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याची छाती शाबूत होती आणि शाबूत छातीच्या माणसाला खोकला ऐकू येत नाही.

"दुकान लय जोरात चाललंय, ज्ञानू," तो म्हणाला. "लढाईनं सोन्याला पाय फुटल्यात. तुळशीचं लगीन झालं की निघायचं. तू आलास तर तुझी गादी तुझीच. न्हाईतर दुसरा बघावा लागंल, गड्या. माझा बी इलाज न्हाई."

ज्ञानू 'बघतो' म्हणाला. बघण्यासारखं काही नव्हतं. जायला तर हवंच होतं आणि गेलं तर परत येणं नव्हतं. तो फक्त थकला होता. इतका, की मरणाचं भय वाटायलाही जरा ताकद लागते, तीही त्याच्यात उरली नव्हती.

भाऊबीजेला बनुबाईचा भाऊ आला. कृष्णात पाटणच्या वरच्या अंगाला राहणारा, ढगात डोकं घातलेल्या पठारावरचा. ओवाळणीत चोळीचं कापड घातलं आणि पाठोपाठ एक पोतं धाडकन ओसरीवर टाकलं. पोत्यात दगड होते. तांबूस, मधूनच फिकट, अंगावर मोहरीएवढ्या गाठी असलेले.

"ही कसली वं भाऊबीज? बहिणीला धोंडं?" बनुबाई म्हणाली.

"धोंडं न्हाईत, आक्का. जर्मन हाय ह्यात."

खेड्यात ॲल्युमिनियमला जर्मन म्हणत. लढाई लागल्यापासून जर्मनची पातेली बाजारातून गडप झाली होती. सगळा धातू विमानांच्या पोटात गेला म्हणे. कृष्णातच्या पठारावर पावसाळ्याआधी सरकारचा एक साहेब आला होता. हातोडीनं दगड फोडायचा, पिशवीत भरायचा, वर चिठ्ठी डकवायचा. जाताना पाटलाला सांगून गेला, की तुमच्या डोंगरात निम्मं ॲल्युमिनियम आहे.

"निम्मं, दाजी! तुमी राखंतनं सोनं काढता. एक पातेलंभर जर्मन काढून दावा, बास. अख्खा डोंगर पडलाय तिथं. तुमी भट्टीम्होरं बसायचं बी न्हाई. नुसतं सांगायचं, आमची पोरं राबत्याल. तेजाब न्हाई, धूर न्हाई. थंड हवा हाय तिकडं."

थंड हवा म्हटल्याबरोबर बनुबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं.

ज्ञानूनं एक दगड उचलून तळहातावर तोलला. बावीस वर्षं त्यानं या तळहाताच्या जिवावर खाल्लं होतं. शेरभर राखेत गुंजभर सोनं असलं तरी त्यानं ते सोडलं नव्हतं. इथं तर निम्मं! ज्याला धुळीतून गुंज काढता येते त्याला दगडातून निम्मं काढता येणार नाही? कुणाही गलाईवाल्यानं हाच हिशोब केला असता. फार दिवसांनी त्याला भूक लागली आणि त्यानं दोन करंज्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या आडोशाला भट्टी लागली. ट्रंकेतून धातू वितळवायची जुनी मूस निघाली, भाता निघाला. दगड कुटून पीठ केलं, त्यात दगड पातळ करणारा टाकणखार घातला आणि वर वीस तोळे शिसं. हे शिसं म्हणजे गलाईवाल्याचं शिकारी कुत्रं. वितळलेल्या घाणीतून ते खाली उतरतं आणि जिथं असेल तिथून सोनं-चांदी तोंडात धरून तळाला बसतं. मग ते शिसं हाडाच्या राखेच्या वाटीत तापवत ठेवायचं. राख शिसं पिऊन टाकते आणि वाटीत धातूचा मणी राहतो. ज्ञानूला दुसरी रीत माहीत नव्हती आणि आजवर कधी लागलीही नव्हती.

संध्याकाळपर्यंत शिसं खाली बसलं. तोललं तर साडेएकोणीस तोळे. वाटीत घालून तापवलं. राखेनं ते सगळं पिऊन टाकलं आणि वाटी कोरडी ठणठणीत राहिली.

"डोंगर पोखरून उंदीर तरी निघतो म्हणत्यात," बघायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं शेरा मारला. "हितं उंदराची शेपटी बी न्हाई."

लोक हसले. लालासाहेबही हसला, पण त्यानं ज्ञानूच्या पाठीवर हात ठेवला. "आपलं काम सोन्याचं, गड्या. कुठं धोंडं जाळत बसतोस! ट्रंक भरायला घे."

ज्ञानू वाटीकडं बघत बसला. कुत्रं पाठवलं आणि ते रिकाम्या तोंडानं परत आलं, असं बावीस वर्षांत झालं नव्हतं.

"एकदा अजून करा," रात्री भाकरी वाढताना बनुबाई म्हणाली.

"काय उपेग न्हाई."

"माझ्यासाठनं करा."

लग्नाला तीस वर्षं झाली होती. तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं ज्ञानूला आठवेना. त्यानं मान हलवली.

दुसऱ्या खेपेला कृष्णातनं मिरजेहून दगडी कोळसा आणला. आच अशी झाली की भट्टीसमोर उभं राहवेना. भात्यावर बनुबाई बसली होती. दुपारी ऐन वेळेला ज्ञानूला उबळ आली. छाती फाटते की काय असं वाटून तो बाहेर आला आणि लिंबाखाली बराच वेळ गुडघ्यात डोकं घालून बसला. आत भाता चालूच होता. परत जाऊन त्यानं मूस ओतली, शिसं वेगळं केलं, वाटीत घातलं. या वेळी कुणी बघायला नव्हतं. लालासाहेब कवठे महांकाळला पाहुण्यांकडं गेला होता आणि गावाचा तमाशातला रस एका पडेल प्रयोगातच आटला होता.

शिसं आटत आलं. वाटीत इंद्रधनुष्यासारखे रंग फिरले, शेवटची साय सरकली आणि एकदम लख्खकन चमकून एक पांढराशुभ्र मणी उघडा पडला.

कृष्णातनं अशी आरोळी ठोकली की गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. अर्ध्या तासात गाव गोळा झालं. बायकांनी भट्टीला हळद-कुंकू वाहिलं. परवा शेपटी मागणारा म्हाताराच आता सांगू लागला, की मी तेव्हाच म्हणलो होतो. कृष्णात तर पठारावर किती माणसं लावायची, दगड खाली आणायला किती गाढवं लागतील, इथपर्यंत जाऊन पोहोचला.

ज्ञानूनं मणी थंड करून तळहातावर घेतला. भरला पाच मासे, अर्ध्या तोळ्याला थोडा कमी. एवढासा मणी जर्मनचा असता तर हाताला कळलाही नसता. जर्मन म्हणजे कापसाची बहीण. हा मणी हाताला खाली ओढत होता. आणि मघाशी त्यानं जी चमक मारली, ती चमक ज्ञानूनं हजारदा बघितली होती. ती चांदी होती.

त्यानं तोंड उघडलं नाही. मन मोठं लबाड असतं. ते म्हणालं, डोंगरात जर्मन नसेल, पण चांदी निघाली असेल. चांदी तर त्याहून बरी! तळहात एक सांगत होता, मन दुसरंच. आणि या वयात प्रथमच त्यानं तळहाताला गप्प बस म्हटलं.

तरी झोप लागेना. सकाळी 'मास्तरला दाखवून येतो' म्हणून तो सांगलीच्या मोटारीत बसला. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मोटार मागं कोळशाची टाकी लावून धापा टाकत चालायची. ज्ञानूला ती आपल्याच जातीची वाटली.

मास्तर म्हणजे गावच्या पेठेतल्या जैन व्यापाऱ्याचा मुलगा सुकुमार. सांगलीत कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकवायचा. सुट्टी चालू होती, पण तो बाटल्यांची मोजदाद करत एकटाच बसला होता. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला, सगळं ऐकून घेतलं आणि मणी हातात घेऊन लगेच परत दिला.

"तात्या, ही चांदी आहे. तुम्हाला माझ्याआधी कळलंय."

"कळलंय. त्या दगडात चांदी आसंल का, तेवढं इचारायला आलोय."

"नाही."

"आन् जर्मन? साहेब खोटं बोलला व्हय?"

"खोटं नाही बोलला. निम्मं नसेल, पण चौथा हिस्सा तरी असेलच त्यात."

"हाय म्हणता, मग निघत का न्हाई? माझ्या हातनं आजवर हाय ते ऱ्हायलं न्हाई, मास्तर."

सुकुमारनं कपाटातून रॉकेल भरलेली एक बाटली काढली. चिमट्यानं आतला खडा काढून सुरीनं कापला. लोण्यासारखा कापला गेला आणि आतून चांदीसारखा चकाकला, पण बघता बघता काळवंडला. ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा त्यानं पाण्याच्या परातीत टाकला. तुकडा फुसफुसत पाण्यावर सैरावैरा पळाला, तडतडला आणि संपला. ज्ञानू दोन पावलं मागं सरला.

"हा सोडियम. धातूच आहे. आपल्या मिठातला. पावशेर मिठात हा दीड छटाक असतो."

"मिठात?"

"भाकरीबरोबर मीठ खाता तेव्हा तोंडात असा पेटतो का?"

"न्हाई बा."

"कारण मिठात तो सोडियम राहिलेलाच नाही. एका विषारी वायूशी त्याचा संयोग झालाय आणि दोघांचं मिळून तिसरंच काही झालंय. त्याची आग गेली, वायूचं विष गेलं, मीठ झालं. मीठ कितीही चाळा, धुवा, त्यात धातूचा कण सापडणार नाही. आता तुमचा केर घ्या. सोनाराच्या केरात सोनं हे सोनंच असतं. नुसतं धुळीत हरवलेलं. तुम्ही ते हुडकता. डोंगरातलं ॲल्युमिनियम हरवलेलं नाही, तात्या. प्राणवायूशी जोडलं जाऊन ते दगडच झालंय. तुमचं शिसं त्यात काय शोधणार? शोधायला धातू तिथं नाहीच."

 बावीस वर्षं आपण जे करत होतो ते नुसतं हुडकणं होतं, हे ज्ञानूला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"मग ते तोडायचं कसं? आणखी आच लावून?"

"कोळशाच्या आचेनं लोखंडाचा दगड तुटतो. हा नाही तुटत. आधी कॉस्टिक सोड्यात शिजवून पांढरी पूड काढायची, मग ती एका वितळलेल्या क्षारात विरघळवून त्यातून वीज सोडायची. सांगली-मिरजेचे सगळे दिवे विझवून ती वीज एका कारखान्याला दिली तरी पुरायची नाही. कोण्या दिवशी येईल कुणी मोठा कंपनीवाला, नेईल डोंगर भरून. गोठ्यात व्हायचं हे काम नव्हे."

"आन् ही चांदी?"

सुकुमारनं बाटलीचं बूच घट्ट बसवलं. "ती चांदी म्हणूनच आत गेली असणार. कुणीतरी टाकल्याशिवाय मुशीत चांदी येत नाही."

ज्ञानूला भाता आठवला. आपण लिंबाखाली बसलेलो असताना तो चालूच होता, फक्त मधे एकदाच क्षणभर थांबला होता. त्याला इतका वेळ उगाच वाटत होतं की आपण मास्तरला विचारायला आलो. उत्तर घरातच होतं, आपण फक्त त्यापासून लांब आलो होतो.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना तो गावात शिरला. बनुबाई ओसरीवर जोंधळा पाखडत होती. तो समोर बसला आणि त्यानं तिच्या पायांकडं बघितलं. उजव्या पायाच्या बोटात चांदीचं जोडवं होतं. डाव्या पायाच्या बोटावर नुसता पांढरा वळ होता, तीस वर्षं ऊन न लागलेला. तिनं पाय लुगड्याखाली घेतला.

"शानपन कुठं गेलं तुझं?" तो म्हणाला. राग आणायचा होता, पण तोही धड येईना. "सवाष्ण बाई, जोडवं जाळलंस? गलाईवाल्याची बायकू हायेस. मला चांदी कळणार न्हाई वाटलं?"

"तुमाला कळंल, ठाव होतं."

"मग?"

"लालासाबाला न्हाई कळणार म्हणलं. तो हितं नव्हता, आन् मणी तुमी दुसऱ्याच्या हातात दिला नसता. डोंगरातनं जर्मन निघालं आसं गावानं धरलं, तर तुमाला थांबाय निमित्त झालं आसतं."

"कवापतूर?"

तिनं सूप खाली ठेवलं. "आवं, तुमी तिकडं गेला तर ट्रंक येणार. ट्रंक आली की दोन्ही जोडवी लोकं काढून घेणार. म्हणून एक आधीच मी माझ्या हातानं काढलं. म्हणलं, दुसरं तरी ऱ्हाईल."

ज्ञानूला हुंदका आला आणि पाठोपाठ खोकला. तो खोकतोय म्हणून बनुबाई पाणी आणायला उठली. बरंच झालं. रडताना त्याला कुणी बघितलं नाही.

 दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर बोलावणं आलं. कृष्णात पठारावरच्या चार माणसांना घेऊन आला होता. लालासाहेब कवठ्याहून परतला होता. सगळं गाव होतं, मागं बायकाही होत्या. खोटं पुढं न्यायची ज्ञानूची तयारी नव्हती. पठारावरच्या माणसांनी पेरायचं सोडून दगड फोडले असते. पण खरं सांगायचं तर बायकोचं नाव घ्यावं लागत होतं, आणि जोडवं जाळणारी बाई म्हणून गावानं तिला मरेपर्यंत बोलून खाल्लं असतं.

"डोंगरात जर्मन हाय," ज्ञानू उभा राहून म्हणाला, "पण दगड होऊन बसलंय. आपल्या भट्टीनं निघत न्हाई. मास्तरनी दावलं मला. तुमी रानं पेरा, पाव्हणं."

"आन् त्यो मणी, दाजी?" कृष्णातचा चेहरा उतरला होता.

"ती चांदी. मूस जुनी होती. आत चिकटल्याली ऱ्हायली व्हती. मी बघितलं न्हाई. माझी चूक."

 गावात निम्मी घरं गलाईची. घाणेरडी मूस वापरणं म्हणजे काय, हे तिथं पोराटोरांनाही कळत होतं. दुसऱ्याचं सोनं-चांदी मुशीत ठेवून घेणारा माणूस, असा त्याचा अर्थ. अशा माणसाला कलकत्त्यातला एकही सोनार केराची मूठ देत नसे.

लालासाहेब पुढं आला. त्यानं मणी घेऊन हातावर तोलला. "पाच मासं? मुशीत?" तो हळू आवाजात म्हणाला. "ज्ञानू, बावीस वर्षांत तुझ्या मुशीत गुंज ऱ्हायली न्हाई. काय बोलतोयस तू?"

"म्हातारा झालो. दिसत न्हाई आता."

लालासाहेब त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं मागं बायकांकडं एकदा नजर टाकली आणि लगेच काढून घेतली. त्याला काय कळलं आणि काय नाही, ते त्यानं कधीच कुणाला सांगितलं नाही. पण चारचौघांत बोललं गेलं होतं आणि आठवडाभरात ते पत्रांतून कलकत्त्याला पोहोचणार होतं.

"मग गादीवर दुसरा न्यावा लागंल मला," तो म्हणाला.

"न्या," ज्ञानू म्हणाला.

लालासाहेबानं मणी त्याच्या हातावर ठेवला आणि त्याची मूठ आपल्या हातांनी मिटली. लोक पांगले. कुणी त्याच्याशी बोललं नाही. ज्ञानू वाटेत दोनदा भिंतीला हात लावून थांबला. बनुबाई त्याच्या मागं दहा पावलांवर होती. तो थांबला की तीही थांबायची. उंबऱ्याशी आल्यावर तिनं विचारलं, "आता खायाचं काय?"

"ज्वारी," तो म्हणाला आणि आत जाऊन कित्येक दिवसांत पहिल्यांदाच गाढ झोपला.